आडा बाजारातील गाय आणि कर्तव्याचा कायदा

इंदूर शहरी राजवाड्याच्या निकट आडा बाजार नावाचा एक जुना बाजार आहे. त्याला हे नाव कसे पडले, याविषयी तेथील मराठी आणि माळवी घरांतून एक कथा सांगितली जाते. अहिल्याबाई होळकरांचे पुत्र मालोजीराव रथातून जात असता एक वासरू चाकाखाली सापडून मेले. रथ थांबला नाही. गाय आपल्या मेलेल्या वासराजवळ रस्त्यातच बसून राहिली. थोड्या वेळाने अहिल्याबाई त्याच वाटेने आल्या. त्यांनी काय घडले ते विचारून घेतले आणि वाड्यात परतल्यावर सुनेला प्रश्न केला, आईच्या डोळ्यांदेखत तिचे लेकरू मारणाऱ्यास कोणती शिक्षा असावी? सून म्हणाली, तशीच. मग हुकूम सुटला की मालोजीरावांचे हातपाय बांधून त्यांना त्याच रस्त्यावर टाकावे आणि त्यांच्या अंगावरून रथ न्यावा. सारथी धजेना, तेव्हा बाई स्वतः रथावर चढल्या. पण रथ पुढे जाईना, कारण ती वासराची आईच रथाला आडवी आली. तिला हाकलले, ती पुन्हा आडवी आली. अखेर भोवतालचे लोक म्हणाले की, जिचे वासरू गेले तिलाच ही शिक्षा नको आहे. पुत्राचा प्राण वाचला, आणि गाय जेथे आडवी आली तो आडा बाजार झाला.

ही कथा इतिहास नव्हे, हे प्रथमच सांगून टाकणे बरे. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव आजारपणात १७६७ साली वारले, आणि त्यानंतर बाईंनी राज्य केले ते इंदुरात बसून नव्हे, नर्मदाकाठच्या महेश्वराहून, १७९५ सालापर्यंत. शिवाय दक्षिणेत तमिळ लोकांमध्येही हीच कथा आहे. तेथे राजा मनुनीति चोळ, गाव तिरुवारूर. गाय राजवाड्याची घंटा वाजविते, आणि राजा खरोखरच आपल्या मुलावर रथ घालतो. जी कथा इतक्या दूरवरच्या दोन प्रांतांत सांगितली जाते, तिची लोकांना काही तरी गरज असली पाहिजे. आपला आणि परका हा भेद न करता कर्तव्य करणारा राज्यकर्ता असावा, ही ती गरज. परंतु इंदूरच्या लोकांनी त्यात गाय आडवी घातली, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्यासारखी वाटते.

कारण नीतिशास्त्रातील एक मोठा वाद नेमका येथेच येऊन उभा राहतो. कृत्य चांगले की वाईट हे कशावरून ठरवावे? त्याच्या परिणामावरून, की करणाऱ्याने आपले कर्तव्य पाळले की नाही यावरून? जे दुसरे उत्तर देतात त्यांच्या मताला आपण कर्तव्यवाद म्हणू. त्याचा सर्वांत कडक आणि सर्वांत थोर पुरस्कर्ता म्हणजे इमॅन्युएल कांट. हा जर्मन तत्त्वज्ञ १७२४ साली केनिग्सबर्ग येथे जन्मला. ते गाव आता रशियात आहे आणि त्याचे नाव कालिनिनग्राद असे झाले आहे. बाप खोगीर व घोड्यांचे सामान करणारा कारागीर, घरची गरिबी, आणि आईबाप प्रॉटेस्टंट पंथातील भाविक व सचोटीची माणसे. म्हणजे कर्तव्य हा शब्द त्याने प्रथम घरीच ऐकला असला पाहिजे.

कांटने १७८५ साली लिहिलेल्या आपल्या छोट्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे, ते आपल्या गावच्या वाण्याला चपखल बसते. एखादे लहान मूल किराणा आणावयास आले, तरी हा दुकानदार वजनात मारीत नाही. छान. पण का मारीत नाही? गावात बोभाटा झाला तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून? तसे असेल तर त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे, पण ते कर्तव्यासाठी केलेले नाही. उद्या गावात तो एकटाच दुकानदार उरला आणि गिऱ्हाईक तुटण्याची भीती गेली, की तराजूही झुकेल. कांट म्हणतो, नैतिक मोल त्याच कृत्याला, जे ‘हे माझे कर्तव्य आहे’ एवढ्याच कारणासाठी केलेले असते.

आता कर्तव्य कोणते ते कसे ओळखावे? त्यासाठी त्याने एक कसोटी दिली. जे तू करणार आहेस तो सर्वांसाठी नियम व्हावा, असे तुला म्हणता येईल काय? परत देण्याचा विचार नसताना कोणी ‘पुढच्या सुगीला देतो’ असे म्हणून उसने पैसे घेतो. हाच सर्वांचा नियम झाला तर ‘पुढच्या सुगीला देतो’ या शब्दांवर कोण विश्वास ठेवील? वचन ही गोष्टच जगातून जाईल, आणि त्याच्या स्वतःच्या खोट्या वचनालाही कोणी फसणार नाही. म्हणजे त्याला नियम सर्वांसाठी हवा आहे आणि अपवाद स्वतःसाठी. कांटच्या दृष्टीने सर्व अनीतीचे मूळ हे आहे, आणि आमच्या मते हे निदान अत्यंत अचूक आहे. बांध कोरणाऱ्या शेतकऱ्यालाही गावातील इतर सर्व बांध जागच्या जागी असावे असेच वाटत असते!

त्याने आणखी एक सूत्र सांगितले. कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्याच्या ठायी असलेली माणुसकी नेहमी स्वतः एक साध्य आहे असे मानावे. मजुराला मजुरीवर लावण्यास यात हरकत नाही. त्याला बैलासारखे वापरण्यास आहे. ख्रिस्ती वाचकाला हे शब्द परके वाटणार नाहीत. माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे असे आपण मानतो. कांटने देवाचे नाव न घेता त्याच उंबरठ्यापर्यंत माणसाला आणून सोडले.

एवढे चांगले असूनही या मतावर टीका करणाऱ्यांची रांग मोठी आहे. जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज पंडित, जो १८५८ सालापर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत नोकरीस होता, त्याचे म्हणणे असे की कांटची कसोटी चोरून परिणामच पाहते. सर्वांनी खोटे बोलल्यास काय होईल असे विचारणे म्हणजे परिणाम विचारणेच होय. कवी शिलरने तर थट्टाच केली. मित्राला मी आवडीने मदत करतो, म्हणून माझ्या मदतीला मोल नाही. तेव्हा आधी मित्राचा तिटकारा करण्यास शिकावे आणि मग कर्तव्य म्हणून मदत करावी, असा त्या थट्टेचा भाव आहे. ही टीका थोडी अन्यायाची आहे, कारण आवड असू नये असे कांट म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की, आवडीवर विसंबू नये. आजारी सासूची सेवा सून प्रेमाने करीत असेल तर उत्तमच. पण प्रेम आटले त्या दिवशी सेवा थांबावी काय? रात्री तीन वाजता अंथरूण बदलणाऱ्या कोणत्याही स्त्रीला हे विचारून पाहावे.

खरी अडचण पुढे आहे. बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाने १७९७ साली आक्षेप घेतला, आणि त्याच वर्षी कांटने त्याला उत्तर दिले. प्रश्न असा. तुमचा मित्र जीव वाचविण्यासाठी तुमच्या घरात लपला आहे. त्याचा खून करण्यास निघालेला मनुष्य दारात येऊन विचारतो, तो आत आहे काय? खोटे बोलावे की नाही? कांट म्हणाला, नाही. तुम्ही ‘नाही’ म्हणालात, आणि मित्र तेवढ्यात मागच्या दाराने निसटला असला, व तुमच्या शब्दामुळे परत फिरलेल्या मारेकऱ्याला तो वाटेत सापडला, तर त्या मरणाचा दोष तुमच्यावर येईल. खरे बोललात तर जे होईल त्याचा दोष तुमचा नव्हे.

आम्हांस हे उत्तर पटत नाही, आणि फार थोड्यांना ते पटले आहे. आपल्या भूमीत तर याचे उत्तर कांटच्या आधी शेकडो वर्षे देऊन ठेवलेले होते. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा आहे. नेहमी खरे बोलण्याचे त्याचे व्रत होते. दरोडेखोरांना भिऊन काही माणसे रानात लपली. दरोडेखोरांनी येऊन कौशिकाला विचारले. त्याने खरे सांगितले. माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. कथा सांगितली आहे तीही एका विलक्षण प्रसंगी. माझे गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याचा मी वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. रागाच्या भरात धर्मराजाच तसे बोलला, आणि प्रतिज्ञेचे कर्तव्य पाळण्यासाठी अर्जुनाने वडील भावावर तलवार उपसली. तेव्हा कृष्णाने त्याला थांबवून कौशिकाची गोष्ट सांगितली. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कांटचा परामर्श घेतला आहे, आणि सत्याला अपवाद असावा काय हा प्रश्नही तेथे विस्ताराने चर्चिला आहे. जिज्ञासूंनी तो भाग अवश्य वाचावा.

परंतु ख्रिस्ती परंपरा येथे कांटच्या वाटते त्याहून जवळ आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. संत ऑगस्टीनने असत्याला कोठेही मोकळीक दिली नाही. त्याने थागास्ते गावचे बिशप फिर्मुस यांची हकीकत दिली आहे. त्यांनी एका माणसाला आश्रय दिला होता. बादशहाचे शिपाई आले, तेव्हा बिशप म्हणाले की मी खोटेही बोलणार नाही आणि त्याला तुमच्या हातीही देणार नाही. त्यांना यातना देण्यात आल्या. ते बधले नाहीत. अखेर त्यांना बादशहासमोर नेले, तेव्हा त्यांचे धैर्य पाहून बादशहाने त्या माणसाला माफी दिली. म्हणजे खोटे आणि घात यांच्यामध्ये एक तिसरी वाट असते, आणि ती स्वतःच्या अंगावरून जाते.

मात्र प्रत्येक दारात बिशप फिर्मुस उभा नसतो. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील कित्येक मठांनी ज्यू मुलांना लपविले, आणि त्यांचा जीव वाचावा म्हणून बाप्तिस्म्याचे खोटे दाखले करून दिले. त्या भगिनींना दोष देण्यास आमची जीभ तरी वळणार नाही.

या अडचणीतून वाट काढण्याचा चांगला प्रयत्न केला तो डब्ल्यू. डी. रॉस या स्कॉटिश पंडिताने, १९३० साली. (याचे बालपणीचे दिवस त्रावणकोरात गेले होते, ही गंमत जाता जाता सांगतो, केरळाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.) रॉस म्हणतो, कर्तव्य एक नसून अनेक आहेत. वचन पाळणे, केलेले नुकसान भरून देणे, उपकार फेडणे, न्यायाने वाटणी करणे, दुसऱ्याचे भले करणे, कोणास इजा न करणे. प्रत्येकाचा आपल्यावर हक्क आहे, पण प्रसंगी एक हक्क दुसऱ्यापुढे मागे सरतो. शेजाऱ्याला बैलजोडी देण्याचा शब्द दिला, आणि नेमक्या त्या सकाळी कोणा वाटसरूला गाडीत घालून दवाखान्यात न्यावे लागले, तर शब्द मोडला म्हणून आपण पापी ठरत नाही; मात्र शेजाऱ्याची क्षमा मागणे आणि त्याची नांगरट भरून काढणे आपल्याकडे राहतेच. शहाण्या गृहस्थाला हे ऐकून नवे काही वाटणार नाही. टीकाकार मात्र विचारतात की, दोन कर्तव्यांत थोर कोणते, हे मापण्याचा तराजू कोठे आहे? रॉसने तो दिला नाही. तो नाहीच, असे त्याचे मत होते.

मग कर्तव्याचे हे लचांड सोडून परिणामच का पाहू नये? याला उत्तर देणारी एक बाई होऊन गेली, ती कॅथलिक होती व सात मुलांची आई होती. एलिझाबेथ अ‍ॅन्स्कोम. हिरोशिमावर बाँब टाकण्याचा निर्णय घेणाऱ्या ट्रूमन यांना ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९५६ साली सन्माननीय पदवी देण्याचे ठरविले, तेव्हा त्याविरुद्ध ती उघडपणे उभी राहिली. युद्ध लवकर संपले, पुष्कळ प्राण वाचले, असा हिशेब लोक मांडीत होते. ती म्हणाली की, निरपराध्यांना जाणूनबुजून मारणे हा खूनच आहे, आणि कोणताही हिशेब तो पुसू शकत नाही. काही कृत्ये अशी असतात की परिणामाकडे न पाहताच ‘नाही’ म्हणावे लागते. पण हीच बाई कांटवरही तितकीच कडाडली. १९५८ सालच्या आपल्या लेखात तिने विचारले की, कायदा देणारा देव बाजूला काढल्यावर ‘कर्तव्याचा कायदा’ या शब्दांना अर्थ तो काय उरतो? माणूस स्वतःच स्वतःला कायदा देतो, ही कल्पना तिला हास्यास्पद वाटली. आम्ही या बाबतीत तिच्या बाजूचे आहोत, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

त्याच १९५८ साली अर्मसन नावाच्या एका इंग्रज तत्त्वज्ञाने निराळ्याच बाजूने बोट ठेवले. नीतिशास्त्रज्ञ कृत्यांचे तीन वर्ग करतात : करावयास हवीत ती, केली तरी चालतील ती, आणि करू नयेत ती. मग संत आणि वीर यांना कोठे बसवावे? सोबत्यांना वाचविण्यासाठी फुटणाऱ्या बाँबगोळ्यावर जो शिपाई अंग टाकतो, त्याने कर्तव्य केले म्हणावे, तर न टाकणारे सर्व सोबती कर्तव्यभ्रष्ट ठरतात. केले तरी चालेल असे म्हणावे, तर त्याच्या मरणाचा तो अपमान होतो. ख्रिस्तसभेला मात्र हा प्रश्न जुना आहे. आज्ञा निराळी आणि उपदेश निराळा, हा भेद संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात स्पष्ट मांडला होता. दहा आज्ञा सर्वांना बंधनकारक आहेत. सर्वस्व सोडून निघून जाणे हे ज्याला बोलावणे येते त्याच्यासाठी आहे.

आता इंदूरकडे वळू. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी देवास जिल्ह्यातील उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया यांचा खून झाला. त्या केरळातील पुल्लुवळी गावच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी, वय ४१. उदयनगर भागातील गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सुटण्यास, बँकेचे कर्ज व सरकारी योजना मिळविण्यास त्या शिकवीत होत्या, आणि ज्यांची सत्ता त्यामुळे ढासळली त्यांना हे खुपत होते. समंदर सिंह या तरुणाला पुढे करण्यात आले. भर बसमध्ये, प्रवाशांच्या देखत त्याने त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. अंगावर पन्नासाहून अधिक जखमा होत्या. बसमधील कोणीही आडवे आले नाही.

त्या प्रवाशांचे कर्तव्य काय होते? सुरा हातात असलेल्या माणसाला निःशस्त्र माणसाने अडवावे, ही आज्ञा की उपदेश? एकट्यावर ती आज्ञा घालणे आम्हांस जड वाटते. पण बसभर माणसे असताना ती नव्हती असे म्हणणे त्याहून जड वाटते. यावर वाचकांनी आपापल्या घरी विचार करावा.

समंदर सिंहाला जन्मठेप झाली. न्यायासनाने आपले कर्तव्य केले, आणि ते तसेच व्हावयास हवे होते. या ठिकाणी कांटचे मत फार कडक आहे. १७९७ सालच्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की, एखाद्या बेटावरील लोकांनी आपला समाज मोडून जगभर पांगण्याचे ठरविले, तरी निघण्यापूर्वी तुरुंगातील शेवटच्या खुन्याला त्यांनी फाशी दिले पाहिजे; न दिल्यास त्या रक्ताचा दोष सर्वांवर राहतो. प्रजेने प्रजेवर केलेल्या गुन्ह्यांत राजाने माफी देऊ नये, असेही तो सांगतो. कारण माफीमुळे ज्याचे नुकसान झाले त्यावर अन्याय होतो. याच ग्रंथात, सूड घेणे हा खासगी माणसाचा अधिकार नाही आणि क्षमाशील असणे हे माणसाचे कर्तव्य आहे, असेही त्याने लिहिले आहे. टीकाकार ही दुसरी बाजू बहुधा विसरतात.

तेव्हा कांटच्या हिशेबातही राणी मारियांच्या घरच्यांनी मनातून क्षमा केली असती तर पुरे होते. त्यांनी तेवढेच केले नाही. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, ती त्याच संघातील भगिनी. ती २००२ साली रक्षाबंधनाच्या दिवशी इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने समंदर सिंहाला राखी बांधली. पुढच्या वर्षी आई केरळाहून आली, आणि ज्या हातांनी मुलीला मारले त्या हातांचे तिने चुंबन घेतले. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा प्रभूने दिली आहे हे खरे. पण हात हाती घेऊन चुंबन घ्यावे, हे कोणत्या आज्ञेत आहे? त्याला सोडावे म्हणून घरच्यांनी आणि धर्मप्रांताने खटपट केली, आणि अकरा वर्षे तुरुंगात काढल्यावर २००६ साली त्याची सुटका झाली.

कांटचा आक्षेप येथे तपासून पाहण्यासारखा आहे. माफीने ज्याचे नुकसान झाले त्यावर अन्याय होतो, हे त्याचे कारण. येथे तर ज्यांचे नुकसान झाले तेच माफीची मागणी घेऊन उभे होते, आणि शिक्षाही अकरा वर्षे भोगून झाली होती. तरी एक अडचण राहते. जिचे नुकसान सर्वांत अधिक झाले ती तर बोलावयास नव्हती. आईने आणि बहिणीने तिच्या वतीने क्षमा करावी, हा अधिकार त्यांना होता काय? क्षमा करणे तिच्या स्वभावात होते, असे तिला ओळखणारे म्हणतील. कांट यावर मान हलवील, असे आम्हांस वाटत नाही.

समंदर सिंह सुटल्यानंतर पुल्लुवळीस जाऊन तिच्या आईबापांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे कार्डिनल अँजेलो अमातो यांनी राणी मारियांना धन्यवादित म्हणून घोषित केले. त्या दिवशी जमलेल्या हजारो लोकांत तोही हजर होता.